पूजेतले बोल्ट

लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा "काय करता आपण?" असं विचारतो तेव्हा माझी पंचाईत होते. "पवनचक्क्या मोडल्या की का मोडल्या ते शोधतो," असं सांगितलं की पुढचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "मोडतात?" आणि दुसरा, "मग उभ्या कशाला करता?" जतकडच्या एका म्हाताऱ्यानं तर मला बांधावर अर्धा तास धरून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं, तुमचे पंखे ढग हाकलून देतात. मी म्हटलं, "आजोबा, हा पंखा वारा देत नाही, घेतो." म्हातारा म्हणाला, "घेतो न्हवं? मग ढगांनी यायचं कशावर?" चोवीस वर्षांच्या नोकरीत मला निरुत्तर करणारी माणसं थोडीच भेटली, त्यांतला हा एक.

मी रफिक शिकलगार. माधवनगरला आमच्या अब्बांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. गिरण्यांचे सुटे भाग तिथं तयार व्हायचे. मी कराडला इंजिनिअर झालो आणि पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत लागलो. पुढं मोठ्या मोडतोडीचं मूळ कारण शोधायचं काम गळ्यात पडलं आणि ते मला इतकं मानवलं, की बढती आली तेव्हा मी ती नाकारली. साताऱ्याचं पठार ते जतचा माळ, एवढा माझा मुलूख. मागच्या वर्षी निवृत्त झालो. कामाचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. बायकोचं म्हणणं, पाहुणे पंगतीतून लवकर उठतात ते त्यामुळंच.

काम समजायला सोपं आहे. पवनचक्की पडली, जळाली किंवा तिचं पातं तुटलं, की आधी कुणाला काही उचलू द्यायचं नाही. आपल्याकडं अपघात झाला की साहेब येणार म्हणून पहिल्यांदा झाडलोट होते. माझं निम्मं आयुष्य "झाडू खाली ठेवा" असं फोनवर ओरडण्यात गेलं. मग तुटलेला तुकडा घ्यायचा आणि त्याचं तोंड बघायचं. लोखंड एका दणक्यात तुटलं असेल तर तोंड खडबडीत असतं. रोज थोडं थोडं चिरत गेलं असेल तर गुळगुळीत असतं आणि त्यावर बारीक रेघा असतात, कृष्णेचं पाणी उतरताना घाटाच्या पायऱ्यांवर राहतात तशा. रेघा दिसल्या की समजायचं, हे दुखणं जुनं आहे आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

त्यानंतर माणसांशी बोलायचं, आणि हे लोखंडापेक्षा अवघड. प्रत्येक अपघातात तीन आरोपी आयते तयार असतात: वीज, वारा आणि सगळ्यात खालचा कामगार. तिघांपैकी कुणी उलटून बोलत नाही. कवठेमहांकाळच्या बाजूला एका पात्याच्या वीज पडून चिंधड्या झाल्या होत्या. कार्यालयानं 'दैवी आपत्ती' लिहून फाइल बांधूनही टाकली. आता पात्यावर वीज पडायचीच, म्हणून तर ती जमिनीत नेऊन सोडायला तांब्याची पट्टी असते. मी कुदळ मागवली. हातभर खाली पट्टी करवतीनं कापून नेलेली, वर माती सारखी केलेली, आणि त्यावर उपटलेलं गवत परत लावलेलं. इतकं चोख काम आमच्या ठेकेदारानं कधी केलं नव्हतं. तेव्हापासून 'त्याच्याआधी काय झालं?' हे विचारल्याशिवाय मी अहवालावर सही करत नसे. एकदा मात्र अर्धवट अहवालावर सही करणार होतो. त्याचीच गोष्ट सांगतो.

पाटणच्या वरच्या पठारावर, आषाढातल्या वाऱ्यात, आमच्या एका पवनचक्कीचं पातं सुटलं. मधून तुटलं नाही, मुळापासून सुटलं. तीन एसटी एकीमागे एक उभ्या केल्या तर होईल एवढं लांब पातं दोन शेतं ओलांडून गवतात जाऊन पडलं. पाऊस इतका होता की रानात कुणी नव्हतं. एरवी त्याच गवतात वस्तीवरच्या बायका भारे कापत असतात. पुढचे कित्येक दिवस माझ्या डोळ्यासमोरून ते गवत हलत नव्हतं.

पातं मुळाशी, पंख्याच्या मध्यभागाला, साठेक बोल्टांनी धरलेलं असतं. एकेक बोल्ट हातभर लांब. या पात्याचे जुने बोल्ट गंजले म्हणून आदल्या वर्षी दसऱ्यानंतर सगळे बदलले होते, आणि ते काम केलं होतं पथकप्रमुख संपत साळुंखे यांनी. साळुंखे उंब्रजजवळचे. सैन्याच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आमच्याकडं आले. सगळं पठार त्यांना हवालदारच म्हणायचं. शिडीनं वर चढताना पायऱ्या मोजणारा आणि उतरताना पुन्हा मोजणारा माणूस. मी विचारलं होतं, "उतरताना कमी भरतील का?" तर म्हणाले, "मोजलेलं बरं असतंय, साहेब."

प्रयोगशाळेनं कळवलं, की बोल्टांचं पोलाद उत्तम आहे, पण ते पुरेसे आवळलेले नव्हते. पात्याला हिसके बसत गेले, बोल्ट चिरत गेले आणि एक दिवस उरलेल्यांनी दम सोडला. कामाच्या तक्त्यावर तर साळुंख्यांची सही होती, सगळे बोल्ट ठरलेल्या आकड्यापर्यंत आवळले म्हणून. पुण्याच्या मुख्य कार्यालयातल्या बर्वे साहेबांनी निष्कर्ष काढला, की काम न करताच सही ठोकली. साळुंख्यांना कामावरून थांबवलं, पठारावर जायचा पास काढून घेतला. बर्वे वाईट माणूस नव्हे. त्यांच्या डोक्यावर मालक बसलेला होता आणि मालकाला शुक्रवारपर्यंत कारण हवं होतं.

बातमी आमच्याआधी उंब्रजला पोचली. हवालदारानं खोटी सही केली, पातं पडलं. नोकरी गेली असती तर साळुंख्यांनी ऊस लावून पोट भरलं असतं. पण जन्मभर खरेपणावर जगलेल्या माणसाला गावानं खोटारडा म्हणावं, हे त्यांना सोसेना. चहाच्या हॉटेलात बसणं त्यांनी बंद केलं.

आणि मी? मी पहिले आठ दिवस त्यांच्यावर संशयच घेतला. हे लिहिताना लाज वाटते, पण घेतला. मला वाटलं, वय झालं, वाऱ्यात वर थांबवलं नसेल, दहावीस बोल्ट राहिले असतील. आवळायचं यंत्र चुकत असेल म्हणून तेही तपासून घेतलं, तर यंत्र बरोबर निघालं. बाजू साळुंख्यांवर आणखी उलटली.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. बोल्ट आवळून झाला की नटावरून बोल्टावर रंगाची एक रेघ मारतात. नट नंतर सैल होऊन फिरला, तर रेघ तुटते. वर मध्यभागात अडकून राहिलेल्या तुकड्यांवर प्रत्येक रेघ सरळ होती. एकही चुकलेली नाही. ज्याला काम टाळायचं आहे तो साठ रेघा इतक्या नेटक्या कशाला मारील? शिवाय नट काढले तर आतले आटे चकचकीत ओरबाडलेले. नट जोर लावून फिरवला होता, हे आंधळ्यालाही बोटांनी कळलं असतं. म्हणजे आवळले होते. तरी सैल होते. मी दोन दिवस या दोन वाक्यांकडं बघत बसलो आणि तिसऱ्या दिवशी उंब्रजची वाट धरली.

साळुंखे अंगणात बसले होते. उठले, पण नजर दिली नाही. त्यांच्या पत्नीनं, सुमनवहिनींनी, मला कितीदा तरी जेवू घातलेलं. त्यांनी चहा ठेवला आणि सरळ तोफ डागली.

"भाऊजी, तुमी बी आलासा व्हय खोटं पाडायला?"

"नाही वहिनी. खरं काय ते विचारायला आलोय."

"काय इचारायचं ऱ्हायलंय? ह्यो माणूस त्या मशिनींवर पोटच्या लेकरावाणी जीव लावतोय. थांबा, दावते." त्यांनी मोबाइल काढला, बोटानं फोटो सरकवत गेल्या आणि एक माझ्यापुढं धरला. "खंडेनवमीचा हाय. बघा आन मग सांगा, असा माणूस खोटी सही करंल व्हय?"

आमच्या पठारावरच्या गोदामातला फोटो होता. खंडेनवमीला आपल्याकडं कामाची सगळी हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडतात, तशी मांडलेली. पाने, साखळ्या, दोर, झेंडूच्या माळा. आणि अगदी मधोमध, सतरंजीवर रांगेत, हळदकुंकू लावलेले साठ नवे बोल्ट. आरशासारखे लखलखीत.

माझा चहा हातातच राहिला. कारण हे नव्या पद्धतीचे बोल्ट कारखान्यातूनच काळे येतात.

"हवालदार," मी म्हटलं, "हे बोल्ट कशानं धुतले?"

"डिझेलनं. ब्रश मारून." इतक्या दिवसांनी त्यांच्या आवाजात जरा जीव आला. "लय चिकाट काळं व्हतं, साहेब. दोन दिस लागलं. फौजेत नवी रायफल ग्रीसात बुडवून येती, ती पुसल्याबिगर कोण हातात घेत न्हाई. म्हटलं, ह्ये बी तसलंच आसंल. आन वर चढायच्या आधी देवीम्होरं ठिवायचं, तर काळं कसं ठिवायचं?"

इथं थोडं थांबून सांगतो. बोल्ट आवळणं म्हणजे त्याला ताणणं. ताणलेला बोल्ट दोन्ही भाग एकमेकांशी दाबून धरतो. पण आवळणाऱ्या यंत्राला ताण कळत नाही, फिरवायला किती जोर लागला तेवढंच कळतं. बरणीचं झाकण आठवा. आटे कोरडे आणि खरखरीत असले की जोर लावून मनगट दुखतं, आपल्याला वाटतं घट्ट बसलं, पण झाकण अजून वरच असतं. बोल्टावरचा काळा थर हे घासणं कमी करण्यासाठीच असतो. तो काढला, की यंत्राचा काटा बरोबर आकड्यावर येतो आणि बोल्ट मात्र जेमतेम निम्मा ताणलेला असतो. पुन्हा तपासलं तरी काटा तेच सांगतो.

मी हे त्यांना अंगणातच समजावलं. साळुंख्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे मी खोटं बोललो न्हाई."

"नाही."

"पर पडलं माझ्याच हातानं."

वहिनींनी मोबाइल पदराआड घेतला.

नुसत्या फोटोवर अहवाल उभा राहत नाही. कराडच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही दोन बोल्ट घेतले, एक काळा, एक धुतलेला, आणि दोन्ही सारख्याच जोरानं आवळून किती ताणले ते मोजलं. यंत्र साळुंख्यांनी स्वतः चालवलं; मी नको म्हणत होतो, पण ऐकेनात. धुतलेला निम्म्यावरच थांबला. त्यांनी बोल्ट सोडवला, पुन्हा आवळला, पुन्हा मोजला. चौथ्या वेळी मीच यंत्र बंद केलं.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारत गोदामापासून पुण्याच्या कार्यालयापर्यंत गेलो. त्याच्याआधी काय झालं? पूर्वीचे बोल्ट कोरडे यायचे आणि सोबत आट्यांना लावायच्या काळ्या लेपाचा डबा यायचा. या खेपेला डबा आला नाही. साळुंख्यांनी फोन करून विचारलंही होतं. गोदामानं सांगितलं, "आता डबा लागत नाही." अगदी खरं होतं. लेप कारखान्यातच लावलेला होता. पण डबा का लागत नाही, हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. 'थर पुसू नये' असं लिहिलेली चिठ्ठी होती, इंग्रजीत, आणि ती पुण्यात खरेदी विभागाच्या फाइलमध्ये होती.

असं नागडं कारण हाती लागतं ना, त्याच्यासारखा आनंद नाही. पुण्याहून घरी येताना गाडीत मी मोठ्यानं गात होतो.

अहवाल लिहायला बसलो आणि हात आखडला. पूजेचं काय लिहायचं? खाली सही असणार शिकलगारची. शिकलगार लिहिणार, की पूजेसाठी बोल्ट धुतले म्हणून पातं पडलं. आमच्या अब्बांच्या लेथला दर खंडेनवमीला हळदकुंकू लागायचं, कामगार नारळ फोडायचे आणि पेढे अब्बाच वाटायचे. पण हे पठारावर कोण कुणाला सांगत बसणार? मी शहाणपणा केला. लिहिलं, 'साठवणुकीच्या काळात बोल्टांवरील थर निघून गेला.' ना पूजा, ना माणूस. सगळे सुटले.

जबाब ज्याचा, त्याला अहवाल वाचून दाखवायची माझी पद्धत होती. साळुंख्यांनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

"निघून गेला? त्याला काय पाय फुटलं व्हतं?"

"हवालदार, तुमच्यासाठीच लिहिलंय. आणि थोडं माझ्यासाठी." मी माझी अडचण सांगितली.

"साहेब, पूजेनं न्हाई सैल झालं, डिझेलनं झालं. ज्याला कळायचं त्याला कळतंय. महिनाभर लोक मला खोटा म्हणत्यात. आता तुमी अर्धं लिवलंसा, तर ते बी खोटंच की. आन ह्या बारीला त्यात मी बी भागीदार हुतोय."

चोवीस वर्षं दुसऱ्यांना पुढचा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचे कान हवालदारानं धरले. मी ते पान फाडलं. नव्यानं लिहिलं, तेही मराठीत: खंडेनवमीच्या पूजेत मांडण्यासाठी पथकप्रमुखानं नवे बोल्ट डिझेलनं धुतले; काळा थर कशासाठी आहे हे त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. साळुंखे नाव घाला म्हणून हटून बसले होते, पण अहवालात कुणाचंच नाव घालायचं नसतं, हा नियम मी मोडला नाही.

बैठकीत बर्वे साहेबांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, "म्हणजे सही खरी होती."

"हो."

"आणि पूजा? ती बंद करायला सांगू का?"

"पूजा राहू द्या साहेब. चिठ्ठी मराठीत करा आणि खोक्याच्या आत टाका."

ते हसले नाहीत. त्यांनी तिथंच फोन लावून साळुंख्यांचा पास परत द्यायला सांगितलं आणि अहवाल सगळ्या ठिकाणच्या गोदामांत भिंतीवर चिकटवायचा हुकूम काढला. माझ्या नोकरीतला भिंतीवर चढलेला हा एकमेव अहवाल.

चौथ्या दिवशी जतच्या माळावरून फोन आला. तिथला पथकप्रमुख सिद्धाप्पा, मी त्याला फारसा ओळखत नव्हतो.

"साहेब, भिंतीवरचं वाचलं. आमी बी धुतल्यात की. पूजेला मांडल्याले बोल्ट. एका पंख्याला बसवल्यात. आता काय करू?"

"पंखा बंद कर. आत्ता."

"बंद करूनच फोन लावलाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे पठारावरच्या गोदामातून नवे काळे बोल्ट घेऊन मी निघालो. उंब्रजच्या फाट्यावर साळुंखे पिशवी घेऊन उभे होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं, गोदामातून कळलं असावं; त्यांनीही काही विचारलं नाही, दार उघडून आत बसले. जतला सिद्धाप्पाच्या माणसांबरोबर ते वर चढले; माझे गुडघे आता शिडीला नाही म्हणतात, म्हणून मी खाली थांबलो. त्या पवनचक्कीच्या पायथ्यापासून वस्तीवरची वाट जाते. मी उभा होतो तेवढ्यात शाळेला निघालेली सात-आठ मुलं तिथून गेली, एकानं मला हातही केला.

दुपारी ते काढलेले बोल्ट खाली आले. पाच बोल्टांना चीर गेलेली होती. त्यांतल्या एकाचे माझ्या हातात दोन तुकडे झाले. सिद्धाप्पानं ते तुकडे माझ्या हातून घेऊन जुळवून बघितले.

"साहेब, 'साठवणुकीत गडबड' आसलं कायबाय लिवलं आसतंसा तर आमी वाचून फुडं गेलो आसतो. पूजेचं वाचलं आन काळजात धस्स झालं, आरं ह्ये तर आमीच." मग त्यानं विचारलं, "पर आपणहून सगळं सांगणारा त्यो पथकप्रमुख हाय तरी कोण?"

नाव सांगणं माझ्या नियमात बसत नव्हतं. साळुंखे हात पुसत होते. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि पुढं आले.

"मीच त्यो," ते म्हणाले. "संपत साळुंखे, उंब्रज."